साडूभाऊंचे निष्कर्ष

नसलेल्या संकटाची काळजी करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. बायकोने दोनदा फोन उचलला नाही, की वाशीच्या ऑफिसात बसल्याबसल्या ते तिला आधी जिन्यावरून पाडत आणि मग दवाखान्यात नेत. ती बिचारी उलव्याच्या फ्लॅटमध्ये मिक्सर लावून चटणी वाटत असे. अशा माणसाने पन्नाशीच्या तोंडावर खात्यातल्या बढतीची परीक्षा द्यायला घेतली, आणि तिच्यात नेमका तर्काचा पेपर. वयाच्या अटीमुळे संधी शेवटचीच. 'सर्व पेन मांजरी आहेत, काही मांजरी छत्र्या आहेत' अशी विधानं द्यायची आणि त्यांवरून नक्की काय ठरतं ते विचारायचं, असा त्यातला प्रकार. साडूंना आधी त्या मांजरींचीच काळजी लागली. पुढे वर्तुळं काढून गणित सोडवायची रीत कळली, तेव्हा ते वरणाच्या ताटातसुद्धा बोटाने वर्तुळं काढू लागले. तरी उत्तर चुकायचंच, कारण दिलेल्या विधानांना पदरचं काहीतरी जोडायची खोड. रविवारी मी त्यांचा अभ्यास घेई. काही पेन छत्र्या आहेत असं कुठे म्हटलंय, असं विचारलं की म्हणत, "म्हटलं नाही, पण असल्या तर?"

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, मानेत गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट मिळायचा होता तो परीक्षेच्याच दिवशी. रिपोर्ट मी आणतो, तुम्ही पेपर द्या, असं मी बजावलं. ते हो म्हणाले. सकाळी लॅबमध्ये पोचलो तर साडू माझ्याआधीच बाकावर बसलेले, खिशात हॉलतिकीट आणि मांडीवर फाइल. फाइलच्या पाठीवर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं.

"काही गाठी वाईट असतात," ते हळू आवाजात म्हणाले. "हिला गाठ आहे. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो. या वेळी पदरचं त्यांनी काही जोडलं नव्हतं.

रिपोर्ट चांगला निघाला. त्यांनी तो तीनदा वाचला, मग मला मोठ्याने वाचायला लावला. तोवर पेपर सुरू होऊन तास उलटला होता.

ताईंना त्यांनी परीक्षा पुढे गेल्याचं सांगितलं. ताई आता ठणठणीत आहेत. रविवारी नवऱ्याला अभ्यासाला बसवतात, टीव्ही बंद ठेवतात, आणि मी गेलो की चहा देताना विचारतात, "नवी तारीख लागली का हो?" मी साडूंकडे बघतो. ते मान वर न करता पान उलटतात आणि म्हणतात, "लागेल."