सायेब, खाली उतरा!

कार्ल्याच्या डोंगरावरच्या एका वाडीत झऱ्याशी मला नेहमी एक मावशी भेटतात. धारेखाली हंडा लावून उकिडव्या बसतात आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात, एकदा माणसाशी, एकदा हंड्याशी. मी वरच्या सपाट, तडकलेल्या कातळावर चढलो की हाक ठरलेली, "सायेब, खाली उतरा!" मग हंड्याला, "उतरत्याल आता."

मला वाटायचं, पाण्याजवळ बूट नकोत म्हणून असेल.

कातळातल्या भेगांतून पाणी कसं वाहतं, ते कॉम्प्युटरवर मांडणं हे माझं काम. वाडीची सिमेंटची टाकी त्याच कातळावर बांधायची होती, आणि झऱ्याला काही होणार नाही असं माझं गणित सांगत होतं. मी ते मावशींना ऐटीत सांगितलं.

त्या हसल्या. "परत चढा बरं." मी चढलो. करंगळीएवढी धार सुतासारखी झाली. "आता उतरा." धार पुन्हा जाड.

"तुमचं वजन एवढं, मग टाकीचं केवढं?" आणि हंड्याला, "केवढं रं?"

माझ्या गणितात भेगा लोखंडी नळासारख्या होत्या. दाबल्या की त्या मिटतात, हे मी धरलंच नव्हतं. सगळं नव्याने मांडलं आणि टाकी पलीकडच्या माळावर गेली.

परवा लॅपटॉपवर मावशींना त्या भेगांचं रंगीत चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ निरखलं. "झाक हाय. पन ह्यात तुमी कुटं हाय?"

मी झऱ्याच्या खाली बोट ठेवलं.

त्या हंड्याकडे वळल्या. "बघ रं, उतरल्यात."