तीन बोटांची खूण

मी पीठ मळत होते तेव्हा मॅडम स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "फतीहा खलास," एवढंच म्हणाल्या. मी मळतच राहिले. हात थांबवले असते तर पुढे त्या हातांचं काय करायचं ते मला कळलं नसतं... आता दीड महिना झाला.

फतीहाताई मोरोक्कोची, फेस शहरातली. कुवेतमधल्या एगैलाच्या या घरात ती माझ्या आधीपासून होती. शिवण आणि पाव तिच्याकडे, बाकीचा स्वयंपाक माझ्याकडे. मी कुडाळकडची, माणसांत बोलायला लाजणारी. पहिलं वर्ष तर मी तिच्याशी नुसत्या मानेनंच बोलले. ती मला 'उख्ती' म्हणायची, म्हणजे बहीण. "उख्ती, देवानं तुला जीभ काय फक्त मीठ चाखायला दिलीय?" असं एकदा म्हणाली, आणि मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत आमचं बोलणं सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी घरची मंडळी मोरोक्को फिरायला गेली, तेव्हा आम्हा दोघींनाही कामाला नेलं. फेसमध्ये एक दिवस सुट्टी मिळाली. ताई मला जुन्या शहरात घेऊन गेली. गल्ल्या इतक्या अरुंद की मागून गाढववाला ओरडला की आम्ही कुणाच्यातरी दुकानात शिरायचो. तांबटांच्या चौकात ठोकाठोकीनं कान बधिर झाले. रंगाऱ्यांच्या गल्लीत ओल्या लडी डोक्यावर ठिबकत होत्या. पुढे चामडी रंगवायचे हौद. ते बघायला गच्चीवर जायचं, तर जिन्यापाशी एकानं माझ्या हातात पुदिन्याची जुडी दिली. हळदीकुंकवाला गजरा देतात तसा मान असेल, असं समजून मी ती अंबाड्यात खोवली. तो माणूस, शेजारचे दुकानदार, सगळे पोट धरून हसले. "अगं, नाकाशी धर! वर गेलीस की वास येईल, तेव्हा कळेल कशाला दिलीय ते," ताई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं आपलीही जुडी केसांत खोवली आणि दिवसभर तशीच फिरली.

तिच्या आईच्या घराजवळ गल्लीची एकच भट्टी होती. घरोघरचे कच्चे पाव तिथे भाजायला येत. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. ताईच्या घरची खूण म्हणजे ओळीनं दाबलेली तीन बोटं. निघताना आई तिचा हात सोडेना. "भाचीचं लग्न झालं की कायमची येते," ताई म्हणाली.

लग्न झालं आणि ताईच्या पोटाचं दुखणं निघालं. विमानात बसवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

इस्पितळात शेवटची भेटले तो शुक्रवार होता. ताईची अगदी काडी झाली होती. "उख्ती, मला घरी ने. तू बोल, मी चालते," असं म्हणून तिनं डोळे मिटले. मी सुरुवात केली. निळ्या दरवाजातून आत... उतार... अक्रोडवाला... तांबट... रंगारी... हौद.

"पुदिना घेतलास?"

"घेतला."

"कुठे खोवलास?"

दोघी जराशा हसलो. मग फरश्यांची नक्षी असलेला तो नळ आला. तिथे वाट फुटते. उजवीकडे की डावीकडे, मला आठवेना. पाट्या मला वाचता येत नव्हत्या. त्या दिवशी मी नुसती तिच्या पाठीमागून चालले होते.

"ताई, इथून कुठे?"

तिचा नुसता श्वास चालू होता. भेटीची वेळ संपेपर्यंत मी बसून राहिले. पुढच्या शुक्रवारी विचारू म्हटलं...

तिला इथेच कुवेतच्या वाळूत पुरलं. पुरुषांनी नेलं, मला जाता आलं नाही. तिच्या आईला कुणी काय सांगितलं, कोण जाणे. घर माहीत असलेली इथे मी एकटी, आणि मलाही ते नळापर्यंतच माहीत.

आता पाव माझ्याकडे आलेत. भाजायच्या आधी मी तीन बोटं दाबते. मॅडमनी परवा विचारलं, "हे कशाला? इथे दुसऱ्या कुणाचा पाव आहे?" खरंच आहे. एक घर, एक भट्टी, अदलाबदल व्हायला कुणीच नाही. ताईच्या हातची खूण भाजल्यावरही राहायची. माझ्या हातची, पाव फुगला की बुजते.