लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून पुण्याला, सदाशिव पेठेतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. नागपूरला ती रोज संध्याकाळी एकटी विहारापर्यंत चालत जायची. इथे पहिल्याच आठवड्यात एका स्कूटरचा आरसा तिच्या कोपराला घासून गेला आणि तिने खाली उतरणंच सोडलं. "गाड्या कशा अंगावर येऊन राहिल्या इथं," एवढंच म्हणाली. मग दिवसभर खिडकीत बसायची.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. जन्म नारायण पेठेतला, लग्न केलेलं नाही. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. जिन्यात भेटल्या की एखादं तिरकस वाक्य टाकून दार लावून घ्यायच्या.

पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांना बंद राहणार होता, त्या सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली.

"अहो, खिडकी काही पळून जात नाही. चपला घाला," त्या आईला म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत आई साडी बदलायला आत गेली होती.

रस्त्यावर मुलं खडूने चित्रं काढत होती. एक आजोबा नातीशी बॅडमिंटन खेळत होते. आई मात्र सवयीने दुकानांच्या कडेकडेनेच चालत होती. काकूंनी तिचा हात धरून तिला मध्ये ओढलं.

"इथून चाला. लहानपणी आम्ही असंच चालायचो. सायकली होत्या, टांगे होते, पण ते घंटी वाजवून वाट मागायचे. मग स्कूटरी आल्या, मग मोटारी. रस्ता एकेरी केला आणि माणसं कडेला गेली. आता गणपती विसर्जनापुरता काय तो आपला."

एका साडीच्या दुकानासमोर त्या थांबल्या. "इथेच माझा शालू घेतला होता. आई आणि मी चालत आलो होतो, गप्पा मारत. पुढे लग्न मोडलं. शालू धाकट्या बहिणीला दिला."

"तुम्ही नेसल्याच नाही?" आईने विचारलं.

"नाही."

आईने धरलेला हात सोडला नाही. दोघी तशाच पार टोकापर्यंत गेल्या. मी मुद्दाम मागे राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाड्या परत आल्या. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी काकूंनी खालूनच हाक मारली आणि आई उतरली.

तेव्हापासून दोघी रोज फिरायला जातात. परवा मीही बरोबर होतो. त्या रस्ता ओलांडत असताना एकाने कर्कश हॉर्न दिला. काकू वळून म्हणाल्या, "ऐकू नीट येतं हो आम्हाला. गुडघे दुखतात."

आईला इतकं हसू आलं की ती रस्त्यातच थांबली. हॉर्नवाला थांबला, त्याच्या मागची रिक्षाही थांबली. तिचं हसणं संपेपर्यंत काकू हात वर करून शांतपणे उभ्या होत्या.