उन्हात वाळत घातलेलं पुस्तक

प्रतीक्षाची आणि माझी ओळख झाली ती माझ्या कुर्त्यावरून. नव्या वर्षाचा पहिला तास होता. मी टेबलाशी उभी राहून हजेरी घेत होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे उठून माझ्याजवळ आली, वाकली, माझ्या कुर्त्याची खालची दुमड उलटी करून तिने शिवणीच्या आतलं कापड पाहिलं आणि परत जागेवर जाऊन बसली. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, "काय न्हाई मॅडम. घेतला तवा लई गडद हुता ह्यो. आता निम्मा पन राह्यला न्हाई." सगळा वर्ग हसला. तो कुर्ता माझा आवडता होता. त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर दुमड उलटी करून पाहिली, आणि त्यानंतर तो पुन्हा अंगात घातला नाही.

नगरच्या एका छोट्या कॉलेजात मी कापडाचं डिझाईन शिकवते. पुढची तीन वर्षं ही मुलगी मला पुरून उरली. प्राचार्यांच्या केबिनचा पडदा, कँटीनवाल्या काकूंचा पदर, वर्गातल्या मुलींच्या ओढण्या, दिसेल ते कापड ती उलटं करून बघायची. समोरच्या माणसाला अवघडल्यासारखं होतंय हे तिच्या गावीही नसायचं. एकदा मी तिला बाजूला घेऊन समजावलं की बाई गं, हे बरं दिसत नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या आईकडं बाया येतेत ना मॅडम, कापड हातात घेतलं की आदी उलटं करतेत. सुलटं तर दुकानदार दावतोच की."

तिची आई काष्टीच्या आठवडे बाजारात कपडे विकायची. दुकान म्हणजे खाली ताडपत्री, वर दोन बांबूंना ताणलेली दोरी आणि दोरीला टांगलेले गाऊन, परकर, लहान मुलींचे झगे. प्रतीक्षा त्या दोरीखाली वाढली. घरची लिंबाची थोडी बाग होती, वडील तिकडे असत. पण मुलगी सगळी आईची. शिकायला नगरला आली ती चित्रकलेच्या शिक्षकांनी आईच्या मागे लागून पाठवली म्हणून.

त्या शिक्षकांचं काही चुकलं नव्हतं. तिच्यासारखा हात माझ्या वर्गात त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आलेला नाही. माझा सगळा वैताग तिथूनच सुरू होतो. हात नसता तर मी तिला सोडून दिलं असतं. वेळेवर काही द्यायचं नाही हा तिचा नेम होता. मुलीचं नाव प्रतीक्षा ठेवताना तिच्या आईवडिलांना पुढचं सगळं दिसलं असावं. आणि जे काही उशिरा द्यायची ते गच्च भरलेलं. फुलावर फूल, काडीवर काडी, राणी रंगाला नारिंगी चिकटलेला, नारिंगीत जांभळा घुसलेला. बोट ठेवायला जागा नाही. मी तिच्या प्रत्येक कागदावर लाल पेनने एकच शेरा मारायचे, 'जागा सोड.'

"जागा हाय मॅडम," ती म्हणायची.

"कुठे आहे? दाखव."

"दिसंल की."

हे 'दिसंल की' मी तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की तिने तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू यायचं. फाइल कधी देणार? दिसंल की. या नक्षीत नेमकं काय सांगायचंय तुला? दिसंल की. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरोखरच वाटायचं की मी थोडी घाई करतेय.

दुसऱ्या वर्षी मी डिजिटल प्रिंट शिकवायला घेतलं. म्हणजे संगणकावर नक्षी काढायची, फाइल एमआयडीसीतल्या छपाईवाल्याकडे पाठवायची आणि तिथलं यंत्र कागदावर मारावी तशी कापडावर शाई मारतं. निळी, राणी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून सगळे रंग कसे तयार होतात ते मी फळ्यावर मांडत होते. मध्येच प्रतीक्षा उभी राहिली. "मॅडम, आमच्या स्टँडवर एका सायबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हाय. लावला तवा साहेब चांगलं लालबुंद हुतं. उन्हाळा सरला तर पार निळं पडलं. आदी लाल जातंय, मंग पिवळं. निळं काय हालत न्हाई." वर्गात हशा पिकला. मी तिला खाली बसवलं आणि म्हटलं, इथे कापडाचा विषय चालू आहे, साहेबांचा नाही.

शेवटच्या वर्षी ट्रेंड बुक करायचं असतं. येत्या काळात कोणते रंग, कोणत्या नक्ष्या चालतील याचा अंदाज बांधून, त्याप्रमाणे छापलेले कापडाचे नमुने लावून केलेलं पुस्तक. ते मुलींच्या डोक्यात शिरावं म्हणून मी एक सोपं वाक्य तयार केलं होतं आणि दर वर्षी तेच सांगायचे, "ट्रेंड बुक म्हणजे दोन वर्षांनी कापड कसं दिसेल ते आज सांगायचं." मुली लिहून घ्यायच्या. प्रतीक्षानेही लिहून घेतलं. तेव्हा मला त्या वाक्यात काही खोट दिसली नाही.

त्या वर्षी या पुस्तकाला नेहमीपेक्षा जास्त वजन आलं होतं. सुरतच्या एका छपाई कंपनीने आमच्या वर्गातली एक मुलगी नोकरीवर घ्यायचं कबूल केलं होतं, एकच. बाहेरून येणारे परीक्षक जिचं पुस्तक पहिलं ठरवतील ती. मी मनात केव्हाच प्रतीक्षाला सुरतेला पाठवून मोकळी झाले होते. तिच्या आईचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, तेवढं तिला तिकडं लावून द्या. न्हाईतर माज्यासंगं दोरीखालीच बसंल जनमभर." मी शब्द दिला. कोणी मागितला नसता तरी दिला असता.

बाकीच्या मुली मोठ्या दुकानांत जाऊन, मोबाईलवर परदेशी फोटो बघून रंग गोळा करत होत्या. ही काष्टीच्या बाजारात जाऊन बायांना विचारत होती, तुमचा ह्यो गाऊन घेतला तवा कसा हुता? आणि विटलेल्या गाऊनच्या, परकरांच्या शिवणी उसवून त्यांच्या आतबाहेरच्या चिंध्या पिशवीत भरून आणत होती. मी म्हटलं, "अगं, पुढचं विचारायचंय, मागचं नाही." ती म्हणाली, "मागचं बघूनच पुढचं कळतंय की मॅडम." मला वाटलं, करत असेल काहीतरी. हुशार मुलींना थोडी मोकळीक द्यावी असं माझं मत होतं. तेव्हापासून ते मत मी बदललं आहे.

पुस्तक द्यायला पंधरा दिवस उरले असताना आमचे शिपाईमामा तक्रार घेऊन आले. "मॅडम, तुमच्या पोरीनं गच्ची भरवून ठिवलीया. पानी चढवायला टाकीपातूर जाता येईना." मी वर गेले. नगरचं एप्रिलचं ऊन, पाय ठेववत नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर प्रतीक्षाचे सगळे नमुने. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकलेला, अर्धा उघडा. आणि ही डोक्याला रुमाल बांधून एकेक कापड उन्हाकडे फिरवत होती.

"हे काय आहे?"

"दोन उन्हाळं बसवायचेत मॅडम दोन महिन्यांत. दीड सरला, लई पळापळ व्हतीय."

मला काही कळेना. मग तिने वही काढून मलाच माझं वाक्य वाचून दाखवलं. दोन वर्षांनी कापड कसं दिसेल ते आज सांगायचं. मी टाकीच्या पायरीवर बसले आणि ती पोळत होती म्हणून लगेच उठले. म्हटलं, "अगं बाई, हेच कापड दोन वर्षांनी कसं दिसेल, असं नाही. दोन वर्षांनी फॅशन काय असेल, असं." ती गोंधळली. वहीत पुन्हा बघून म्हणाली, "मंग ही कापडं दोन वर्सं कोन घालनार हाय?"

मी ओरडले. शिपाईमामा जिन्यातून मागे फिरले इतकी ओरडले. सुरतेची आठवण करून दिली, आईची दिली, मी दिलेल्या शब्दाची दिली. पंधरा दिवस आहेत, सगळ्यांसारखं नीट पुस्तक कर. ती मान हलवत म्हणाली, "करते की." तिचं 'करते की' आणि 'दिसंल की' यांत काहीही फरक नसतो हे तीन वर्षांनंतर तरी मला कळायला हवं होतं.

परीक्षक पुण्याहून आले होते. चांगले, हसतमुख गृहस्थ. प्रतीक्षाचं पुस्तक त्यांनी उघडलं. डाव्या पानावर ताजा नमुना, उजव्या पानावर उन्हातला. डावी पानं गच्च, उजवी पानं तीच, फक्त मळकी आणि उदास. दोन महिन्यांच्या उन्हाला जेवढं जमलं तेवढं त्याने केलं होतं. परीक्षकांनी विचारलं, "हे फिकट झालेलं कोण विकत घेणार?"

"कोन घेत न्हाई सर," ती म्हणाली. "पन घरात सगळ्यांच्या हेच आसतंय."

त्यांनी पान उलटून पहिल्या पानावर जाऊन वाचलं. तिथे वळणदार अक्षरात माझं वाक्य होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या मॅडम'. ते माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, हे तुमचं?"

तिथे मला बोलता आलं असतं. सांगता आलं असतं की चूक माझ्या वाक्याची आहे, पण हिने एका चुकीच्या वाक्यातून वर्गात कोणालाही न सुचलेलं काम केलंय, तुम्ही दहा मिनिटं तिला विचारा. मी म्हणाले, "वाक्य माझं आहे सर, अर्थ तिचा आहे." सगळे हसले. कोटी बरी साधली म्हणून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. प्रतीक्षाही हसली. मग पुस्तक बंद झालं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. सुरतेला दुसरी मुलगी गेली.

शेवटच्या दिवशी प्रतीक्षा उरलेलं एक कापड घेऊन स्टाफरूममध्ये आली. सगळ्यांत गजबजलेली नक्षी. "तुमच्या खिडकीला पडदा न्हाई मॅडम. पाठीवर ऊन घेऊन बसता." स्टुलावर चढून तिने तो स्वतः लावला. तिच्यावर मी अजून चिडलेली होते. खरं तर स्वतःवर चिडलेली होते, पण ती समोर होती. "निदान याच्यात तरी जागा सोडायचीस," मी म्हटलं. ती स्टुलावरून उतरली, पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सोडलीया की." तिला काय म्हणायचं असेल याचा मी विचारही केला नाही.

दोन उन्हाळे गेले. पडदा रोज पाठीमागे असतो, त्याच्याकडे कोण बघतं? यंदा जूनमध्ये प्राचार्य स्टाफरूममध्ये आले होते, ते म्हणाले, "हा पडदा छान आहे हो, नवीन घेतला का?" मी वळून बघितलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

राणी रंगाची फुलं गेली होती, सगळीच्या सगळी. जिथे ती होती तिथे मोकळं पांढरं कापड होतं, ऐसपैस. जांभळ्या काड्यांतला लाल उतरून निळ्या काड्या राहिल्या होत्या, लांब, सुटसुटीत, वाऱ्यावर कलल्यासारख्या. नारिंगी ठिपक्यांचे फिके पिवळे ठिपके झाले होते, इकडे एक, तिकडे एक. तीन वर्षं लाल पेनने मी जी जागा मागत होते ती ही. तिने ती पहिल्यापासून सोडलेली होती. दुमड उलटी करून बघायची माझीच तयारी नव्हती. मी तिथे बसून रडले, आणि प्राचार्यांना वाटलं पडद्याबद्दल बोलल्याचा मला राग आला.

प्रतीक्षा आता एमआयडीसीत त्याच छपाईवाल्याकडे काम करते. शाळांचे खेळाचे टीशर्ट छापते. मी फोन लावला. मागे यंत्राची घरघर होती. सांगितलं, पडदा दिसला.

"खिडकी कंच्या बाजूची व्हती ती? दक्षिनंची ना?"

"हो."

"मंग बरोबर हाय. उत्तरंची आसती तर आजून एक वरीस लागलं आसतं."

मी म्हटलं, "प्रतीक्षा, त्या दिवशी परीक्षकांपुढे मी बोलायला हवं होतं. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली." तिने पलीकडे यंत्र बंद केलं. मग ती म्हणाली, "तुमी तरी काय बोलनार हुता मॅडम. दिसत हुतं कुठं तवा?"

तिने माझ्यावर रागवावं अशी माझी फार इच्छा होती. तेवढंही तिने वेळेवर केलं नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात तीच घाईने म्हणाली, "आन् मॅडम, पडदा काढू नका हां एवढ्यात. पिवळं जायचंय आजून."

"पिवळं गेल्यावर काय होणार?" मी विचारलं.

"दिसंल की," ती म्हणाली, आणि तिच्या यंत्राकडे गेली.