नाकामागची चाळणी

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. खरंच सांगतेय. कितीही पळवा, तोंडाला फेस येऊ द्या, तो श्वास नाकानेच घेणार. हे मला कळलं तेव्हा मी आधी घरच्या ग्रुपवर टाकलं, मग कॉलेजच्या ग्रुपवर, आणि डिसेंबरात आम्ही सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत गेलो तेव्हा एका घोडेवाल्यालाच जाऊन सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या मम्मीकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरी, घोडा लेवाना शे का नुसतं ज्ञान वाटाले येल शे?"

मम्मी इतकी हसली की तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

मी अशीच आहे. काही नवीन कळलं की पोटात राहत नाही. केळीचं झाड हे झाडच नाही, ते एक भलंमोठं गवतासारखं रोप आहे, खोडात लाकूडच नसतं. हे मी शहाद्याकडच्या मामाला सांगितलं, त्याची सगळी शेती केळीची. तो म्हणाला, मग मी काय एवढी वर्षं गवत कापी ऱ्हायनू? मिरची आपली नाही, समुद्रापलीकडून आली, हे तर नंदुरबारमध्ये कुणाला सांगूच नका. लोक अंगावर येतात. इथे हिवाळ्यात गावाबाहेर पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानात, मिरची सुकत पडलेली असते, जमिनीवर लाल अंथरूण घातल्यासारखी, आणि वारा फिरला की अख्खं गाव खोकतं. ती मिरची परदेशी? मम्मी म्हणाली होती, "ज्यानी आनी त्याले जेवाले बलाव."

तर त्या यात्रेतून परत येताना आम्ही तिघं एकाच मोटारसायकलवर होतो. पप्पा पुढे, मी मध्ये, मम्मी सगळ्यात मागे एका बाजूला पाय टाकून. एका गावाजवळ स्पीडब्रेकर होता, रंग नाही, पाटी नाही. पप्पांना तो दिसला नाही. गाडी उडाली आणि माझ्या पाठीमागचं वजन एकदम गेलं. आवाज नंतर आला.

मम्मीच्या डोक्याला मागच्या बाजूला टाके पडले. स्कॅन नॉर्मल आला. हात-पाय ठीक, बोलणं ठीक, सगळ्यांना ओळखत होती. ग्रुपवर मीच टाकलं, वाचलो आपण, देवाची कृपा.

काही दिवसांनी मी अंगणात होते आणि दूध जळाल्याचा वास आला. कडक वास, अख्ख्या घरात. मी ओरडत आत पळाले. मम्मी गॅससमोरच उभी होती, शेजारच्या शेगडीवर भाकरी थापून टाकत होती. पातेल्यातलं दूध काळं झालं होतं.

"मम्मी, दूध!"

"काय व्हयनं?"

"वास येत नाही का तुला?"

ती थांबली. वाकली, पातेल्यावर तोंड नेलं, जोरात श्वास घेतला. मग हिंगाची डबी उघडली. मग माझी ओढणी ओढून नाकाला लावली. "नही येत," म्हणाली. "माले काहीच येत नही."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपल्या नाकाच्या वर, मेंदूच्या खाली, एक हाड असतं आणि त्याला चाळणीसारखी बारीक बारीक भोकं असतात. त्या भोकांतून वासाच्या नसा धाग्यांसारख्या मेंदूत जातात. डोकं मागे आपटलं की मेंदू आत सरकतो आणि धागे तुटतात. तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात पहिला विचार आला, बापरे, चाळणी! माणसाच्या डोक्यात चाळणी! आणि मग मम्मीचं तोंड बघितलं.

"परत येईल?" पप्पांनी विचारलं.

"काहींचं येतं. बऱ्याच जणांचं नाही येत. वाट बघा."

आता मम्मीचं नाक म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल, वासच गेला ना, डोळे तर नाही गेले. आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात काळा मसाला होतो. प्रत्येक घर आपापलं सामान आणतं, धने, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरची. आणि भाजायला बसते माझी मम्मी. पहिल्यापासून तीच. घड्याळ नाही, रंग बघणं नाही, कढईवर वाकते आणि म्हणते, उतारा. त्याच क्षणी उतरवायचं. खोबरं थोडं जास्त झालं की मसाला कडू, धने कच्चे राहिले की वर्षभर भाजीला गवताची चव. एरवी गल्लीत तिला कोणी फार विचारत नाही. शिक्षण कमी, बोलणं कमी. पण त्या दोन-तीन दिवसांत सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघून असतात.

म्हणून मी शोधायला लागले. आणि सापडलं! वास घेणाऱ्या पेशी आयुष्यभर जुन्या जातात आणि नव्या येत राहतात. मेंदूतल्या बहुतेक पेशींचं असं नसतं, नाकातल्यांचं असतं! मी मम्मीला हलवून हलवून सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नव्या येतस? खरंच?" मग वासाचा व्यायाम असतो, तो सुरू केला. चार डब्या. गुलाब, लिंबाची साल, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून हुंगायचं आणि तो वास आठवायचा.

गुलाब आला नाही. लिंबू नाही. लवंग नाही. पण निलगिरी! पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "हाई येस. थंडं थंडं येस." आम्ही दोघी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. आणि मग मिरची. पथारीवरून रिक्षाने जाताना तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, आणि ती खोकत खोकत हसत होती. "येस, पोरी! मिरची येस!" रिक्षावाला म्हणाला, मावशी, सगळ्यांलेच येस, त्यात काय. त्याला काय माहीत.

फेब्रुवारी, मार्च. गुलाब येत नव्हता, पण आम्ही म्हणायचो, येईल, मिरची आली ना. मम्मीने गल्लीत सांगून टाकलं की यंदाही मीच बसणार. शेजारच्या घरातल्या काकूने हळूच विचारलं, "आता वास येस का वं?" मम्मी म्हणाली, "ठसका लागस माले. चांगला लागस."

मसाल्याच्या आदल्या दिवशी ती मिरच्यांचे देठ काढत होती आणि मी मोबाईल घेऊन शेजारी. मला एक भारी गोष्ट सापडली. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही! पोपट दिवसभर मिरच्या खाईल, त्याला काही नाही. मिरचीला तर तेच पाहिजे, पक्षी बिया लांब नेऊन टाकतात. मी हे सगळं एका दमात सांगितलं.

मम्मीला आवडलं. "मंग आपले कसं लागस?" तिने विचारलं.

"अगं, कारण तिखट ही चवच नाही. वासपण नाही. ती आग आहे, दुखणं आहे. मेंदूला वाटतं भाजलं. ते जातंच वेगळ्या नसेतून, चेहऱ्याच्या नसेतून; वासाच्या नसेचा काही संबंधच नाही. निलगिरीचं थंडपण पण त्याच नसेतून. म्हणजे ज्याला वासच येत नाही त्यालासुद्धा ठसका..."

मी थांबले. उशीर झाला होता. तिच्या बोटात देठ तसाच होता.

"म्हणजे तो वास नही," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलले, असं नक्की नसतं, इंटरनेटवर काहीही लिहितात. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं की इंटरनेटवर काहीही लिहितात. तिने ऐकून घेतलं आणि पुढची मिरची उचलली. संध्याकाळी चार डब्या मी समोर ठेवल्या. तिने निलगिरीची उघडली, हुंगली, झाकण लावलं. बाकीच्या तीन उघडल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती तरीही बसली. मला वाटलं होतं नाही बसणार. मला शेजारी बसवलं आणि कानात म्हणाली, "तू सांग कव्हय उतारू."

पण मला काय कळतंय? मला घोड्याचं नाक माहीत आहे, पोपटाची नस माहीत आहे. खोबरं किती भाजायचं ते माहीत नाही. पहिलं खोबरं मी लवकर उतरवायला सांगितलं, दुसरं उशिरा. मम्मी कढईवर वाकायची, सवयीने, श्वास घ्यायची, आणि मग माझ्याकडे बघायची. बायका बघत होत्या. मग धने टाकले. चुलीच्या धुरात आणि मिरचीच्या खकाण्यात माझं नाक वाहायला लागलं होतं, मलाच काही कळेना.

"धना जळी ऱ्हायनात वं!" काकू ओट्यावरून ओरडली.

मम्मीने कढई उतरवली. धने काळे पडले होते, आणि ते काकूच्याच घरचे होते. काकू जवळ आली, म्हणाली, जाऊ दे, व्हस असं, दुसरा आनसू. आणि वाट बघत उभी राहिली. मम्मी पाटावरून उठली. उलथनं काकूच्या हातात दिलं, पदराने घाम पुसला, आणि पलीकडे मिरच्या निवडणाऱ्या पोरींमध्ये जाऊन बसली. तिथून तिने एकदाही कढईकडे बघितलं नाही. काकूने चांगलं भाजलं. खरंच चांगलं झालं. गल्लीतल्या सगळ्या घरांत यंदा तोच मसाला आहे.

डॉक्टरांकडे परत गेलो होतो. ते म्हणाले, आता फार आशा ठेवू नका. गॅसची नळी वेळोवेळी बदला, शिळं अन्न तारीख बघून टाका. डब्या मी अजून भरते, लिंबाची साल नवीन ठेवते. ती हुंगत नाही. मी पण आता आग्रह करत नाही. नव्या पेशी येत असतीलच, ते खोटं नाहीये, पण त्यांचे धागे त्या भोकांतून वर पोचत नसावेत. हे मी तिला सांगितलं नाही. ग्रुपवरही नाही टाकलं.

तिला जेवणाची चव पण लागत नाही. चव म्हणतो त्यातला बराच भाग वासच असतो, हेही मला तेव्हा कळलं. खारट, गोड, आंबट एवढं कळतं तिला, बाकी सगळं कागद चावल्यासारखं. म्हणून आमच्या घरी भाजी तिखट होत चाललीये. आधी थोडी, मग बरीच. परवा शेवभाजीचा पहिला घास घेतला आणि माझ्या कानातून धूर निघाला. पप्पांच्या कपाळावर घाम. त्यांनी अर्धा तांब्या पाणी प्यायलं आणि न राहवून म्हणाले, "जास्त व्हई गयं आज."

मम्मीने वर बघितलं नाही. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला, तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचे थेंब आले.

"माले तेवढंच लागस," ती म्हणाली.

पप्पांनी ताट पुढे केलं आणि अजून भाजी मागितली.