चांदीच्या पत्र्यावर वहिनी

मुरुडच्या एसटी स्टँडसमोर दादांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या लग्नाचे, मुलांच्या मुंजीचे, शाळेच्या दाखल्यांचे सगळे फोटो तिथलेच. मोबाईल आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. तिथल्या आरशापुढे भांग पाडायला केवढी गर्दी व्हायची, ते आठवलं की मला अजून गलबलून येतं.

गावाने दादांचे फोटो भिंतीवर लावले, पण घरी मात्र त्यांची डाळ शिजली नाही. आनंदीवहिनींना नवऱ्याने काढलेला आपला एकही फोटो पटला नाही. "ही मी नव्हेच," म्हणायच्या आणि ट्रंकेत टाकायच्या. चाळीस वर्षं हेच. दादा हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. मी शेजारी, मला दिसायचं.

सत्तरीत दादांनी व्हिडिओ बघून डॅगेरोटाइप शिकायला घेतलं. फोटोचा हा अगदी सुरुवातीचा प्रकार. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, घासून त्याचा आरसा करायचा, आयोडिनची वाफ द्यायची आणि कॅमेऱ्यात घालायचा. पूर्वी मग चित्र उमटवायला पाऱ्याची विषारी वाफ लागे. "पारा घरात आला तर मी माहेरी," असं वहिनींनी बजावलं. मग दादांनी नवी वाट धरली. घासायला विजेचं यंत्र, आणि पाऱ्याऐवजी लाल काच व एलईडीचा दिवा.

पावसाळाभर नुसते डाग उमटले. मी म्हटलं, "दादा, एवढ्या चांदीत वहिनींचे पैंजण झाले असते." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

नवरात्राच्या तोंडावर वहिनींना कसंबसं घरामागच्या वाडीत बसवलं, आणि पत्र्यावर चेहरा उमटला. हे चित्र नुसतं बोट लागलं तरी पुसलं जातं, म्हणून वर काच बसवतात. पत्रा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दादा काच आणायला अलिबागला गेले. घटस्थापनेचा आदला दिवस होता. वहिनी देवाची चांदी घासत होत्या. तिरप्या उजेडात असं चित्र दिसत नाही; त्यांना फळीवर नुसता एक काळवंडलेला चांदीचा पत्रा दिसला. त्यांनी तोही दंतमंजनाने लख्ख केला.

संध्याकाळी दादा हातात काच धरून नुसते उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला वहिनींचा राग आला, आणि लगेच कीवही आली.

"अहो, मला काय ठाऊक, मी माझंच तोंड पुसतेय ते!" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

दसऱ्याला त्या आपणहून खुर्ची घेऊन वाडीत बसल्या. तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. लग्नानंतर प्रथमच त्या एवढा वेळ गप्प बसल्या असतील.

काच बसवून दादांनी पत्रा पुढे केला आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिले.

"ही मी," वहिनी म्हणाल्या. "हा तीळ बघा, जिथल्या तिथे आहे. रोज वेणी घालताना दिसते ना, तीच ही."

दादा ओटीवर बसले. "अगं, हे चित्र आरशातल्यासारखं उलटं पडतं. माझे ते सगळे फोटो सुलटे होते."

"म्हणजे कसे?"

"मला समोरून दिसतेस तसे."

वहिनी आत गेल्या. त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि चाळीस वर्षांचे फोटो ओटीवर मांडले. एकेक उचलून त्या बराच वेळ बघत होत्या. मी उठायला हवं होतं, पण उठवेना.

"बरी दिसत होते हो मी तुम्हाला," त्या म्हणाल्या.