डोळे मिटून एक घोट

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगावजवळच्या आंबी गावात, आमच्या छोट्या ब्रुअरीत, त्याच्याच टाकीसमोर उभी होते. आदल्या संध्याकाळी त्याने गव्हाची बिअर आंबायला लावली होती आणि जाताना बजावलं होतं, "करवंदाचा गर मीच घालणार. तू हात लावू नकोस." सकाळी कान्हे गावातल्या आपल्या घरी तो कोसळला. मला आधी त्याचा रागच आला... असं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

तळेगावच्या एका औषध कारखान्यात आम्ही दोघं तपासणी विभागात होतो. नोकरी सोडून बिअर करायची ही त्याची टूम. काळजी करायचं खातं माझ्याकडे. पहिली खेप तो हौसेने आईकडे घेऊन गेला; त्यांना मी मावशी म्हणते. मावशींनी उमेदीची सगळी वर्षं लोणावळ्यात पानांच्या द्रोणात करवंदं विकलेली. नाक मुरडतच त्यांनी स्टीलच्या वाटीत घोटभर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "रंग हाय. करवंद कुटं हाय?" मिलिंदने अख्खी टाकी मोरीत सोडली. मी भांडभांड भांडले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो ढिम्म. तेव्हापासून नियमच झाला, मावशींना डोळे मिटून करवंद सापडलं तरच बाटल्या भरायच्या. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "व्हय, आलं. सालीचा तुरटपणा बी आलाय," आणि हा बाप्या टाकीमागे जाऊन रडला.

त्याला पोचवून परतले तेव्हा टाकी जोरात फेसाळत होती. त्याची शेवटची खेप वाया जाऊ द्यायची नाही, या एकाच हट्टाने मी त्याच दिवशी गर ओतून टाकला. आंबणं थंडावल्यावरच गर घालायचा, नाहीतर त्याचा वास फेसाबरोबर उडून जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण हात स्वस्थ बसेनात.

तीन आठवड्यांनी एक बाटली घेऊन कान्ह्याला गेले. मावशींनी वाटी आणली, घोट घेतला, पदराने तोंड पुसलं. "झ्याक झालीया. त्याच्या हातची हाय. भर बाटल्या." पण त्यांनी डोळे मिटले नव्हते. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या.

मग मी वाटी घेतली आणि डोळे मिटले. गहू होता, आंबूसपणा होता. करवंद नव्हतं.

"मावशी, करवंद कुठे आहे?"

"न्हाई गं..." त्यांचा आवाज फुटला. "पर ही बी वतून दिली तर त्याचं काय ऱ्हाईल?"

आम्ही दोघी बराच वेळ रडलो. संध्याकाळी आंबीला येऊन मी टाकीचा कॉक उघडला आणि शेवटचा गुलाबी थेंब जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. माझी चूक त्याच्या नावावर विकायची नव्हती.

त्याने स्वतःच्या हाताने गाळलेला गर फ्रीजरमध्ये अजून एका खेपेपुरता आहे. परवा मी नवी बिअर लावली. रोज टाकीपाशी जाते आणि हात मागे बांधून उभी राहते. आज फेस थोडा बसलाय. अजून दोन दिवस तरी थांबणार आहे.

मावशींनी ती वाटी घासून मिलिंदच्या फोटोपुढे पालथी घातलीय. त्या दिवशी मी निघत होते तेव्हा म्हणाल्या, "नीट करून आण. तवर ही उताणी करायची न्हाई."